पाहुण्यांनी घेतलेला चेहरा

पाहुणे कधीही काही मागत नसत. प्यायला पाणी तेवढे मागत, तेही उंबऱ्याबाहेर जोडे काढून, आत येऊन, मांडी घालून बसल्यावर. पाणी पिऊन झाले की तांब्या दोन्ही हातांनी खाली ठेवत आणि मग ऊन उतरेपर्यंत गप्प बसून राहत. ज्याच्या ओसरीवर ते असे दोन-चार वेळा बसले, त्याचा बिडीचा कारखाना वर्षा-दोन वर्षांत आमच्या कंपनीचा झाला. गोंदियापासून सडक अर्जुनीच्या जंगलापर्यंत कुणाचा कारखाना जरा बरा चाललेला दिसला की लोक त्याला विचारत, "पाहुणे येऊन गेले का?" आजारी माणसाला ताप उतरला का म्हणून विचारावे, तसा त्या विचारण्याचा सूर असे.

त्यांचे खरे नाव सहीपुरते होते. मूळचे जबलपूरकडचे, मराठी स्वच्छ बोलत, पण मधूनच हिंदी डोकावे. कंपनीत त्यांच्या कामाला नाव नव्हते. एका कंपनीने दुसरीला पोटात घेण्याला 'एकत्रीकरण' म्हणतात, हे मी फार पुढे वर्तमानपत्रात वाचले. तेव्हा आम्ही त्याला पाहुणचार म्हणत असू. अमक्याचा पाहुणचार झाला म्हटले की सगळ्यांना सगळे कळत असे.

मी अकरा वर्षे त्यांच्या हाताखाली होतो. माझा त्यांच्यावर जीव होता. हे लिहायला लाज वाटते, पण आता या वयात खोटे कशाला लिहू? माझ्या बहिणीचे घर त्यांनी बुडवले आणि तरी त्यांची आठवण निघाली की मला आधी त्यांचे हसणेच आठवते. हसताना ते मान जराशी खाली घालत, आपण हसलो याची समोरच्याकडे माफी मागावी तशी.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिले ते दवनीवाड्याला, भाऊजींच्या कारखान्यात. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आडनाव पटले. बहिणीला आम्ही बाई म्हणत असू. घरची धानाची शेती भावांवर सोडून भाऊजींनी कारखाना काढला होता आणि मी त्यांच्याकडे छाटणीला होतो. बायका बिड्या वळून सुपात घेऊन येत. त्या मी बघायच्या आणि तोंड नीट न मिटलेली, पोट सुटलेली, पान फाटलेली बिडी बाजूला टाकायची, हे माझे काम. मराठी सातवी झालो होतो, मनातून शाळामास्तर व्हायचे होते, झालो छाटणीवाला. पाहुण्यांना हे कुणी सांगितले कोण जाणे, पहिल्याच दिवशी त्यांनी मला "मास्तर" म्हणून हाक मारली. मला ती हाक आवडली. इथूनच माझे बिनसले असे म्हणायला हरकत नाही.

त्या दिवशी ते बैलांच्या रेंगीतून उतरले, पाणी प्याले आणि भाऊजींशी पाऊसपाण्याचेही न बोलता उठून बायकांच्या छपराकडे गेले. एकेकीच्या सुपासमोर उकिडवे बसून तिची बोटे बघत राहिले. मधेच विचारत, बाळ किती महिन्यांचे, सासूचा दमा कसा आहे, नवरा कुठे कामाला जातो. पुढच्या खेपेला आले तेव्हा प्रत्येकीचे नाव त्यांना पाठ होते आणि सासूच्या दम्याचीही आठवण होती. बायका लाजून हसत. भाऊजी मात्र वैतागले.

"काऊन येते हा माणूस?" ते बाईला म्हणाले. "काई मांगत नाई, काई देत नाई. नुसता बसून राह्यते."

"बसू द्या न," बाई म्हणाली. "पाणीच तं पेते."

पुढे मी पाहुण्यांना यातले इंगित विचारले होते. ते म्हणाले, "मास्तर, कारखाना म्हणजे भिंती नाहीत. चांगली बोटं कुणाची ते बघून ठेवायचं. ती बोटं उठली की मग भिंती कुणाच्या का असेनात." सहा महिन्यांनी कंपनीने दवनीवाड्याच्या वेशीबाहेर आपले छप्पर घातले. ऐसपैस, वारा येणारे. आत आड्याला तान्ह्या पोरांसाठी झोळ्या बांधलेल्या आणि त्यांना झोका द्यायला एक म्हातारी बसवलेली. आमच्याकडे बायका पोरांना गोणपाटावर टाकून बिड्या वळत असत, तिथे मुंग्या येत. झोळ्यांचे भाऊजींना कधी सुचले नव्हते. मलाही नाही. नेमक्या चांगल्या हाताच्या बायका एकेक करून तिकडे गेल्या आणि त्यांना नावे ठेवायला माझी जीभ रेटेना.

मग पानाचे झाले. तेंदूचे पान उन्हाळ्यात तोडून जंगलातच फडावर वाळवतात. सडक अर्जुनीकडचे मालगुजार वर्षानुवर्षे आपल्या जंगलातले पान भाऊजींना देत आले होते. त्या साली सगळ्यांनी ते कंपनीला दिले. त्यांच्याकडेही पाहुणे पाणी पिऊन आले होते. भाऊजींच्या वाट्याला भोके पडलेले, लाल पान आले. त्यातून अर्धे पान फेकावे लागे आणि माझी छाट दुप्पट झाली. भाऊजी हातात तसले एक पान धरून दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालत.

आता पागोट्याचे सांगायला हवे. बिडी ओढणाऱ्याला वाचता येत नाही, म्हणून बिड्यांच्या कट्ट्यावर, म्हणजे जुडीवर, गुंडाळायच्या कागदावर मालकाने आपला चेहराच छापायचा, ही आमच्याकडच्या धंद्याची रीत. भाऊजी त्यासाठी नागपूरला जाऊन फोटो काढून आले होते. डोक्याला लग्नातले पागोटे, कपाळावर गंध, मिशांना तूप लावून दिलेला पीळ. त्यावरून ठसा तयार झाला आणि बिडीचे नाव पडले पागोटा छाप. दुकानात माणूस बोट दाखवून म्हणे, "पागोटेवाली दे." बाई थट्टा करी, "माहा नवरा मुलुखभर लोकाईच्या खिशात फिरते, न घरी पाह्यजे तवा सापडत नाई."

पण भाऊजींना त्या चेहऱ्याचा गर्व नव्हता. त्यांना गर्व होता तंबाखूचा. दोन-तीन गावांचा तंबाखू आणून त्याचे मिश्रण ते स्वतः, आतून कडी लावून करीत. बाईला आत येऊ देत नसत, मला तर नाहीच. बाहेर आले की शिंकत, डोळे पुसत आणि म्हणत, "लोकं कागदावरचं तोंड पाहून घेतेत, पन ओढतेत माहा हात." हे ते इतक्या वेळा म्हणत की आम्हा सगळ्यांना तसेच वाटू लागले होते. बिडीच्या धंद्यात जो तो असेच समजतो. आपल्या तंबाखूवर लोक जीव टाकतात, असे न मानणारा बिडीवाला मी पाहिलेला नाही. एक पाहुणे तेवढे सोडून. पाहुणे बिडी ओढतच नसत.

चौथ्या खेपेला पाहुणे आले, पाणी प्याले, तांब्या ठेवला आणि गप्प बसले. बऱ्याच वेळाने भाऊजीच म्हणाले, "पाहुणे, घेऊनच टाका न एकदाचा कारखाना. बायका तुमच्याकडे, पान तुमच्याकडे. मी कायले उगाच भिंती राखून राहू?"

पाहुण्यांनी मान खाली घातली. "कारखाना नको, पटलेभाऊ. पान आम्ही देऊ तुम्हाला. चार बायकाही परत येतील. तंबाखू तुमचाच, तुमच्याकडेच राहू द्या. आम्हाला छाप द्या."

"छाप म्हंजे?"

"कागद. तो ठसा. आणि तो छापायचा हक्क."

भाऊजींनी हसू कसेबसे दाबले. आत येऊन मात्र ते खो खो हसले. "भैताड हाये," ते बाईला म्हणाले. "कारखाना सोडून कागद मांगते."

"कागदावर तुमचं तोंड हाये," बाई म्हणाली.

"तोंड तं माह्याच जवळ राह्यते न. कागद दुसरा छापू. ओढनाराले कागद ओढाचा हाये का?"

करारनामा मी वाचून दाखवला, कारण घरात नीट वाचणारा मीच होतो. त्याच्या तीन दिवस आधी पाहुण्यांनी मला विहिरीजवळ गाठले होते. बोलले एवढेच, "मास्तर, गोंदियाला छाटणीला एक जाणता माणूस लागेल." बस. मी हो म्हटले नाही, त्यांनी विचारलेही नाही. करारात खाली एक ओळ होती. लिहून देणार किंवा त्याचे वारस यांनी आपला चेहरा, पागोटे किंवा नाव यापुढे कोणत्याही बिडीवर छापू नये. ती ओळ मला समजली. पुरती समजली. थांबून भाऊजींकडे बघणे एवढेच करायचे होते. मी ती मागच्या-पुढच्या ओळींसारखीच, एकाच सुरात वाचून टाकली. भाऊजींनी मिशीतल्या मिशीत हसत सही केली. कागदाची घडी घालताना पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिले आणि तसेच मान खाली घालून हसले. पुढच्या महिन्यात मी गोंदियाला गेलो. हे मी आजवर बाईलाही सांगितलेले नाही.

गोंदियाला गेलो तर छाटणीच्या फळीवर एक म्हातारा आधीच बसलेला. सोमाजी त्याचे नाव. कंपनीने घेतलेल्या दुसऱ्या एका कारखान्यातून, तिथल्या भांड्याकुंड्यांबरोबर तो आला होता. पाहुण्यांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवले आणि म्हणाले, "देखो, दोन घरं एक झाली की चूल एकच ठेवावी लागते. दोघंही तुम्ही जाणते. कोण राहणार, कोण घरी जाणार, ते मी कोण सांगणारा? तुम्हीच आपसात ठरवा." आणि चहा पाठवून दिला.

सोमाजीचा हात मऊ होता. चालण्यासारखी बिडी तो चालवून घेई, वळणारीचे कष्ट वाया जाऊ नयेत म्हणून. छाटलेल्या बिडीची मजुरी कंपनीला द्यावी लागत नसे. मी मुठीमुठीने छाटू लागलो. त्यातही दवनीवाड्याहून माल घेऊन येणाऱ्या बायकांच्या जास्त, कारण त्या ओळखीच्या, त्या माझ्याशी भांडणार नाहीत हे मला ठाऊक होते. भागाबाई म्हणून एक होती. आई वारल्यावर तिने मला आपल्या घरी जेवू घातले होते. तिच्या सुपातली निम्मी बिडी मी बाजूला टाकली तेव्हा ती म्हणाली, "कालपरेंत तं हेच हात चांगले होते, बाबू." एवढे बोलून गेली. आठव्या दिवशी सोमाजीने चष्मा काढला, रुमालात बांधला आणि माझ्याकडे न बघता उठला. बाहेर पाऊस होता. पाहुणे स्वतः त्याच्या डोक्यावर छत्री धरून त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेले. त्यांनी आयुष्यात एकाही माणसाला कामावरून काढले नाही. माणसे आपणहून जात.

त्याच पावसाळ्यात मला हिवताप भरला. नऊ दिवस पाहुणे माझ्या खोलीवर येत होते. स्वतःच्या हाताने तांदळाची पेज करत, क्विनाईनची गोळी तोंडात घालून वरून गूळ देत, घाम पुसत. मी थंडीने दात वाजवत पडलेला आणि ते पायाशी बसून, पावलांना घोंगडी गुंडाळत म्हणत, "मरू नका मास्तर, दुसरा शोधताना फार पायपीट होईल." इतक्या मायेने मला माझ्या आईनंतर कुणी पाहिले नव्हते. त्या नऊ दिवसांचे ऋण मी मानतो. त्यांच्याबद्दल मला कुणी काहीही सांगितले तरी हे नऊ दिवस मधे येतात आणि माझा राग पुढे सरकत नाही.

तिकडे भाऊजींनी नवा कागद छापला होता. नांगर छाप. तंबाखू तोच, हात तोच. माल कसा जातो ते बघायला पाहुण्यांनी मला कोहमाऱ्याच्या बाजाराला पाठवले. भाऊजी स्वतः तिथे दुकान मांडून बसले होते, डोक्याला तेच पागोटे. शेजारच्या दुकानात कंपनीचा पागोटा छाप. एक गाडीवान आला, भाऊजींच्या मालावर नजर टाकून शेजारी वळला आणि म्हणाला, "पागोटेवाली दे."

भाऊजींनी त्याला हाक मारली. "अरे, हे घे. तेच बिडी हाये हे. ओढून पाह्य."

"नाई बा. मी पागोटेवालीच ओढतो."

"तो पागोटेवाला मीच होय रे. पाह्य न माह्याकडे."

गाडीवानाने हातातला कट्टा पाहिला, मग भाऊजींकडे पाहिले, पुन्हा कट्टा पाहिला. ओळख पटली असावी. "असान तुमी," तो म्हणाला. "पन बिडी तं हे होय." आणि भाऊजींच्याच चेहऱ्याचा कट्टा फोडून, एक बिडी शिलगावून, तो गाडीकडे चालता झाला. मी कापडाच्या दुकानाआड उभा होतो. गोंदियाला परत आलो आणि पाहुण्यांना सगळे सांगितले. सांगताना गाडीवानाची नक्कल केली. पाहुणे हसले, मीही हसलो.

वर्षभराने कंपनीने पागोटा छापात हलका तंबाखू घातला. लोकांनी बिडी सोडली नाही. शिव्या द्यायला मात्र ते दवनीवाड्याला जाऊ लागले. ज्याचा चेहरा, त्याचाच माल, असे सरळ गणित. धान विकायला आलेला माणूससुद्धा भाऊजींच्या अंगणात उभा राहून म्हणे, "पटलेबाबा, बिडीत भुसा भरून राह्यले का तुमी?" ती बिडी आपली नाही, हे भाऊजी आधी तासतास समजावून सांगत. मग थोडक्यात सांगू लागले. मग सांगणे सोडले. एके दिवशी पागोटे उतरवून पेटीत ठेवले आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळून हिंडू लागले. नांगर छाप बंद झाला. कंपनीने कबूल केलेले पान त्यांना शेवटपर्यंत बरोबर मिळाले, वळायला मात्र बिडीच उरली नव्हती.

मग ते गोंदियाला आले. पाहुण्यांसमोर उभे राहिले, बसा म्हटले तरी बसले नाहीत.

"मले कारखाना नको, काई नको," ते म्हणाले. "माहं तोंड तेवढं वापस द्या. लोकं मले चोर म्हनून राह्यले. मी कधी कोनाले वाईट बिडी देली नाई."

पाहुणे बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. भाऊजींचे गाल आत गेले होते, मिशा पांढऱ्या होऊन ओघळल्या होत्या. मग पाहुण्यांनी खणातून एक कट्टा काढला, त्यांच्यासमोर धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "पटलेभाऊ, हा चेहरा आता तुमचा कुठे राहिलाय? तुम्हीच बघा. तुम्ही आता असे दिसता का?"

भाऊजींनी कट्टा हातात घेऊन खरेच पाहिला. नंतर माझ्याकडे पाहिले. मी फळीवरच्या बिड्या उलटसुलट करू लागलो. ते निघून गेले. मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत जायला हवे होते. गेलो नाही. त्या पावसाळ्यात ते वारले. वैद्याने छातीत कफ म्हणून सांगितले.

तेरावे झाल्यावर बाईने मला बाजूला बोलावले. ती रडत नव्हती. म्हणाली, "तुले एकच मांगतो. त्याईचं तोंड त्या कागदावरून काढायला सांग. लोकं बिडी ओढतेत न कागद फेकून देतेत. मी बाजारात जातो तं पायाखाली त्याईचंच तोंड येते. माह्यानं चालवत नाई रे." मी तिचे पाय धरून कबूल केले. त्या वेळी मी मनापासून कबूल केले होते.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपुढे बसून मी बाईचे म्हणणे सांगितले. ते ऐकत राहिले. हो नाही, ना नाही. त्यांचे असे गप्प राहणे मी आजवर त्यांच्या बाजूला बसून पाहिले होते, समोर बसून कधी नाही. समोरून ते सोसवत नाही. काहीतरी बोलून ते संपवावेसे वाटते. मीच म्हणालो, "छाप बंद करता येणार नाही, हे मला कळतं." ते गप्प. मी म्हणालो, "चेहरा बदलला तर माल बसेल, हेही कळतं." तरी गप्प. आणि मग माझ्या तोंडून निघाले, "फोटोला हार घालू या. झेंडूचा. वर 'स्वर्गवासी' असं छापू. हाराच्या फोटोवर लोक पाय ठेवणार नाहीत. आणि पेढी जुनी आहे, असं वाटेल गिऱ्हाईकाला."

शेवटचे वाक्य बाईसाठी नव्हते. ते मी कुणासाठी बोललो, हे आम्हा दोघांनाही कळले.

"मास्तर," पाहुणे म्हणाले, "आता मला तुम्हाला शिकवण्यासारखं काही राहिलं नाही." त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आले होते. आणि मला, देवाशपथ सांगतो, त्या क्षणी फार आनंद झाला.

नवा ठसा आला. पिवळ्या झेंडूच्या हारात भाऊजी अगदी शोभून दिसत होते. पागोटा छाप पूर्वी कधी नव्हता एवढा चालू लागला. लोकांनी कागद फेकणे काही सोडले नाही. बाजाराच्या दिवशी मी स्टेशनाकडून येत होतो तेव्हा हारासकट तो चेहरा गाडीच्या चाकोरीत, धुळीत दिसला. एक नाही, जिथे पाहावे तिथे. मी पाय वाचवत वाचवत कंपनीत आलो.

दुसऱ्या दिवशी बाई आली. दवनीवाड्याहून बैलगाडीने, नव्या चिन्नोर तांदळाचे गाठोडे मांडीवर घेऊन. नवा कागद तिला गावातल्या दुकानात कुणीतरी दाखवला होता. त्या महिन्यात कंपनीने स्टेशनाजवळची एक भातगिरणी घेतली होती आणि पाहुण्यांच्या खोलीत त्याच कागदांचा पसारा पडला होता. बाईने गाठोडे त्यांच्यापुढे ठेवले आणि पदर सावरून लांबूनच जमिनीला हात लावून नमस्कार केला.

"बाबूजी," ती म्हणाली, "तुमी आमच्या मानसाले मान देला. मेल्यावर कोन कोनाले इचारते? तुमी त्याईले हार घातला."

"हार मी नाही घातला, बाई," पाहुणे म्हणाले. "तुमच्या भावानं घातला. सुचवलं यांनीच."

बाई माझ्याकडे वळली. मी मान वर केली नाही. तिने दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटे मोडली. "तू होता म्हनून," ती म्हणाली. "नाई तं त्याईचं तोंड असंच तुडवत राह्यले असते लोकं." तिचे हात गार होते. ती पुन्हा पुन्हा माझ्या तोंडावरून हात फिरवत होती.

पाहुण्यांनी गाठोडे सोडले. चिमूटभर तांदूळ तळहातावर घेऊन चोळले, नाकाशी नेले, डोळे मिटून वास घेतला. मग मान खाली घालून हसले.

"फार सुंदर तांदूळ आहे, बाई," ते म्हणाले. "तुमच्या गावात आणखी कोण कोण पिकवतं हा?"

बाई खूश झाली. आपल्या गावच्या धानाचे कुणी एवढे कौतुक केले नव्हते. ती खाली बसली आणि बोटांवर मोजत एकेका घराचे नाव सांगू लागली. कुणाचे वावर तळ्याखाली आहे, कुणाचा मुलगा शेतात लक्ष घालत नाही, कोण म्हातारा झाला आहे, सगळे सांगू लागली. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मी खिशातून पेन्सिल काढली आणि लिहून घेत राहिलो.